पंढरीचे पाहुणे

आषाढ लागला कीं आमच्या घरांत एका शब्दावरून दरवर्षीं बारीकसा वाद होत असे. घर पंढरपुरांत, प्रदक्षिणेच्या वाटेपासून फारसें दूर नाहीं. वडील बाहेरून येत आणि उंबऱ्यापाशीं वहाणा काढतां काढतांच म्हणत, "गर्दी फार झाली यंदा." माजघरांतून आजी तितक्याच तत्परतेनें म्हणे, "गर्दी काय म्हणतोस? पाहुणे म्हण." वडिलांचें म्हणणें खोटें नव्हतें, त्यांना दोन फर्लांग यावयास दीड तास लागलेला असे. आजीचेंही खोटें नव्हतें. तिच्या ओसरीवर परभणीकडचीं दोन कुटुंबें तिच्या सासूच्या वेळेपासून उतरत आलीं होतीं, आणि त्यांच्या चुलीचें जळण ती मृग लागण्याआधींच माळ्यावर रचून ठेवी.

श्रोतेहो, आज मला जें सांगावयाचें आहे तें या दोन शब्दांमधल्या अंतराविषयीं आहे. त्याच माणसाला गर्दी म्हटलें कीं त्याची व्यवस्था एका तऱ्हेनें होते, पाहुणा म्हटलें कीं दुसऱ्या तऱ्हेनें. आणि पुष्कळदां त्याचा जीव वांचणें न वांचणें या भेदावर येऊन ठेपतें. हें मी केवळ शब्दांच्या हौसेनें म्हणत नाहीं. तें मला एकदां हातांत दोरी धरून शिकावें लागलें.

सुमारें तीस वर्षांमागें, कॉलेजांत असतांना, मी एका आषाढीला स्वयंसेवक झालों. छातीवर लावावयास बिल्ला, गळ्यांत अडकवावयास शिट्टी आणि दोरखंडाचें एक टोंक, एवढी माझी सामुग्री. दुसरें टोंक पलीकडच्या भिंतीशीं उभ्या असलेल्या माझ्या सोबत्याच्या हातीं. मध्यें महाद्वाराच्या दिशेनें जाणारा एक बोळ. हुकूम एवढाच होता कीं, पुढची वाट मोकळी होईपर्यंत कोणालाही सोडावयाचें नाहीं. अर्ध्या तासांत बोळ भरला. दोरीला माणसांचीं पोटें टेकलीं. मी शिट्टी फुंकीत होतों आणि "मागें व्हा, ढकलूं नका" असें माझ्या समोरच्या चेहऱ्यांवर ओरडत होतों. अगदीं दोरीपाशीं एक म्हातारी होती. तिनें पितळेचा एक तांब्या दोन्ही हातांनीं छातीशीं धरला होता. ती माझ्याकडे पाहून, न रागावतां म्हणाली, "लेकरा, मला काय सांगतुयास? म्या कुणाला ढकलीत न्हाई. माझ्या पाठीमागं कोण हाय त्येला जाऊन सांग."

तिचें म्हणणें माझ्या कानांवर पडलें, पण डोक्यांत शिरलें नाहीं. मी आणखी जोरानें शिट्टी फुंकली. तेवढ्यांत कोणी एक उतारवयाचे हवालदार बाजूच्या ओट्यावर चढले, त्यांनीं डोक्यांवरून बोळाच्या मागच्या टोंकाकडे एकवार पाहिलें, आणि आम्हां दोघांना दोरी सोडून देण्यास सांगितलें. स्वतः ते मागच्या गल्लीनें धांवत गेले आणि बोळांत शिरणारी नवी माणसें त्यांनीं चौकांतच थांबविलीं. पांच मिनिटांत दाब उतरला. कोणाला कांहीं झालें नाहीं. पण ती म्हातारी माझ्यासमोरून गेली तेव्हां तिच्या तांब्याला पोचा पडलेला मीं पाहिला. पितळ चेपण्याइतका दाब जेथें होता तेथें मी म्हातारीला शिस्त शिकवीत होतों!

पुढें या विषयावर जें मिळेल तें वाचीत गेलों, आणि त्या हवालदारांना जें अनुभवानें ठाऊक होतें तें शास्त्रज्ञांनीं मोजूनही ठेवलें आहे असें दिसून आलें. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौकोन जमिनीवर खडूनें आंखून पाहा. त्यांत दोन-तीन माणसें असलीं तर तीं आपल्या मर्जीनें चालतात. चार-पांच झालीं कीं आपलें पाऊल शेजाऱ्याच्या पावलाच्या हिशेबानें टाकावें लागतें. सहा-सातांच्या पुढें आंकडा गेला कीं माणूस चालत नाहीं. समुदाय चालतो आणि माणूस त्यांत पाण्यांतल्या पानासारखा वाहतो. अशा समुदायांतून लाटा उठतात. मागें कोणी थोडासा रेटा दिला तर तो वाढत वाढत पुढें जातो आणि दहा-वीस हात पुढच्या माणसाला उचलून भिंतीवर आदळतो. रेटा देणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. त्याला पुढें थोडी जागा झालीसें वाटतें, म्हणून तो एक पाऊल सरकतो इतकेंच. पुढच्याला मागें सांगतां येत नाहीं. मागच्याला पुढचें दिसत नाहीं.

अशा ठिकाणीं माणसें पायांखालीं तुडवलीं जाऊन मरतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. कांहीं तशीं मरतातही. परंतु बहुतेकांचा मृत्यु श्वास कोंडून होतो. छातीचा भाता फुलावयास दोन बोटें जागा लागते. तीच मिळत नाहीं. कित्येक जण उभ्या उभ्याच बेशुद्ध होतात आणि पडावयासही जागा नसल्यामुळें तसेच उभे राहतात.

आपल्या भाषेंत अशा प्रसंगाला 'चेंगराचेंगरी' म्हणतात. या शब्दाची घडण ध्यानांत घेण्यासारखी आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी. या सर्व शब्दांत दोन्ही पक्ष कांहीं तरी करीत असतात, आणि दोष दोघांत वांटला जातो. चेंगराचेंगरी म्हटलें कीं लोकांनींच एकमेकांना चेंगरलें असें आपोआप सिद्ध होतें. वाट कोणी आंखली, किती रुंद ठेवली, तिच्या तोंडाशीं कोण उभा होता, हे प्रश्न विचारण्याचें कारणच उरत नाहीं. मेलेला मनुष्य मरतां मरतां आरोपीही होतो. मला हा शब्द टाळतां येत नाहीं, कारण दुसरा शब्द नाहीं. पण तो उच्चारतांना माझी जीभ अडखळते.

उदाहरणें दूर शोधावयास नकोत. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशिकच्या कुंभमेळ्यांत शाहीस्नानाच्या वेळीं रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ माणसें दगावलीं. वाट अरुंद, त्यांत उतरती. उतारावर मागच्यांचें वजन पुढच्यांवर आपण होऊन येतें, त्याला ढकलण्याची गरज नसते. पुढें दीड वर्षानें, २५ जानेवारी २००५ रोजीं, वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेंत तीनशेंच्या जवळपास माणसें गेलीं. तेथील पायऱ्या फोडलेल्या नारळांच्या पाण्यानें निसरड्या झाल्या होत्या. नारळ फोडणें हा भक्तीचा भाग. परंतु तें पाणी कोठें जाणार याचा विचार करणें हा यजमानाचा भाग आहे. पाहुण्याला न्हाणीघर दाखवितांना आपण घसरडें आहे का तें आधीं पाहतोंच कीं नाहीं? आणि हें दुःख केवळ आपल्याच देशाच्या वांट्यास आलें आहे असेंही नाहीं. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथें २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्रीं एका उत्सवासाठीं जमलेल्या तरुण मंडळींपैकीं १५९ जण एका उतरत्या गल्लींत प्राणास मुकले. तेथें देवालय नव्हतें, अडाणी म्हणावें असें कोणी नव्हतें, पैशाची वा यंत्रांची वाण नव्हती. मग काय नव्हतें, तें पुढें सांगतों. तत्पूर्वीं मला आपणांस एका जुन्या माणसाच्या भेटीस न्यावयाचें आहे.

आळंदीस ज्ञानेश्वरांच्या मंदिरांत शिरतांना जी पहिली पायरी लागते ती हैबतबाबांची पायरी. साताऱ्याकडील आरफळचे हे गृहस्थ, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं नोकरींत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांनीं ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचें स्वरूप दिलें आणि लष्करांतली शिस्त भजनाच्या अंगावर अशी कांहीं बेतून दिली कीं तिचा भार कोणाला वाटूं नये. रथाच्या पुढच्या दिंड्या, रथाच्या मागच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. वीणेकरी कोठें, टाळकरी कोठें, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका कोठें, हें ठरलेलें. आळंदी ते पंढरपूर हें सुमारें अडीचशें किलोमीटरांचें अंतर लाखों माणसें अशीं चालतात कीं, ज्याला त्याला आपल्या पुढच्या आणि मागच्या माणसाचें नांव माहीत असतें. नांव माहीत असलेल्या माणसाला कोणी रेटीत नाहीं. जेथें दिंडी मोडते आणि माणूस सुटा होतो, तेथून खरा धोका सुरू होतो. आणि तें ठिकाण म्हणजे पंढरपूर.

या सर्व व्यवस्थेंत मला सर्वांत अधिक मोलाची वाटते ती संध्याकाळची समाज-आरती. मुक्कामाच्या जागीं पालखी तळावर येते. सर्व दिंड्या तिच्याभोंवतीं उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा असा गजर चाललेला असतो कीं शेजारच्याचें बोलणें ऐकूं येऊं नये. मग चोपदार आपला दंड उंच करतो आणि मोठ्यानें "हो" म्हणून हांक देतो. त्या एका हांकेसरशीं हजारों टाळ थांबतात. ज्यानें हें ऐकलें आहे त्यालाच त्या शांततेचें वजन कळेल. परंतु कधीं कधीं एखाद्या कोपऱ्यांत एका दिंडीचे टाळ वाजतच राहतात. हें बेशिस्तीचें लक्षण नव्हे. त्याचा अर्थ असा कीं, त्या दिंडीची कांहीं तक्रार आहे. जागा बरोबर मिळाली नाहीं, कोणी मध्येंच घुसलें, पाण्याची आबाळ झाली, काय असेल तें. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निकाल लावतो. आणि मग ते टाळ थांबतात. तोंपर्यंत सर्व समाज तिष्ठत राहतो. नंतर हरवल्या-सांपडल्या वस्तूंचा पुकारा होतो, दुसऱ्या दिवशीं किती वाजतां निघावयाचें तें सांगितलें जातें, आणि मग आरती.

आतां सोलकडे वळूं. तेथें दुर्घटना घडली रात्रीं सवादहाच्या सुमारास. परंतु "या गल्लींत माणसें चिरडतील असें वाटतें, कोणी तरी या" अशा आशयाचा पहिला दूरध्वनि पोलिसांकडे गेला होता संध्याकाळीं साडेसहाच्या सुमारास. त्यानंतर दुर्घटनेपर्यंत असे आणखी दहा दूरध्वनि झाले. एकंदर अकरा वेळां त्या गल्लीनें आपले टाळ वाजवत ठेवले होते. तेथें पुरेसा बंदोबस्त वेळेवर पोंचला नाहीं. मला तेथील अधिकाऱ्यांचा न्याय करावयाचा नाहीं. तें काम तेथील न्यायालयांचें. पण दोनशें वर्षांपूर्वींच्या एका सरदाराच्या नोकरानें जी गोष्ट ओळखली ती एवढी प्रगत नगरी विसरली, हें मनांतून जात नाहीं. धोका कोठें आहे हें सर्वांत आधीं आंत उभ्या असलेल्या माणसाला कळतें. त्याचें ऐकावयास कोणी पाहिजे, आणि ऐकणाऱ्याच्या हातीं सर्व समाज थांबविण्याचा अधिकार पाहिजे.

हल्लीं यात्रेच्या बंदोबस्तांत उंचावर कॅमेरे बसवितात, आकाशांत यंत्रें फिरवितात, पडद्यावर सर्व गांव दिसतें. यांत मला वावगें कांहीं वाटत नाहीं. किंबहुना त्या हवालदारांना ओट्यावर चढावें लागलें तें हें नव्हतें म्हणूनच. पण पडद्यापुढें बसलेल्याला डोकीं दिसतात. तांब्याला पडलेला पोचा दिसत नाहीं. म्हणून बोळाच्या मध्यावर, उंच चौथऱ्यावर, एक शहाणा मनुष्य असावा. त्याचें काम ओरडण्याचें नसावें, ऐकण्याचें असावें. आणि त्यानें हात वर केला कीं मागच्या चौकांतील वाट तत्क्षणीं बंद व्हावी. माणसें थांबवावयाचीं तीं रुंद जागेंत, जेथें त्यांना खालीं बसतां येईल. अरुंद जागेंत एकदां शिरलेल्या माणसाला थांबवूं नये. त्याला बाहेर जाऊं द्यावें. येणारा आणि जाणारा यांचे रस्ते वेगळे असावेत. आणि थांबविलेल्याला तो कां थांबला आहे, किती वेळ थांबेल, तें सांगावें. "अजून तास लागेल, बसून घ्या, पाणी येत आहे" एवढें ऐकलें तर वारकरी तासच काय, दोन तास अभंग म्हणत बसेल. कांहींच न कळलेला मनुष्य मात्र उठून पुढें जाऊन पाहतो. त्याच्या जागीं आपण असतों तर आपणही गेलोंच असतों.

पंढरपूर शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतींत लाखाच्या आंतबाहेर भरली, आणि आषाढीला येणारे लोक तिच्या कित्येक पटींनीं अधिक असतात. अलीकडे नदीपलीकडे पासष्ट एकरांचा तळ दिंड्यांच्या उतरण्यासाठीं केला आहे, त्यानें गांवावरचा ताण पुष्कळ हलका झाला, हें मान्य केलें पाहिजे. दर्शनाच्या बारींत मात्र वीस-वीस तास उभें राहावें लागण्याचे प्रसंग अजूनही येतात. या बारींतल्या बायकांविषयीं थोडें स्पष्ट बोलतों. सभ्यतेच्या नांवाखालीं हें बोलणें टाळल्यानेंच फार हाल झाले आहेत. कित्येक बायका बारींत उभें राहावयाचें म्हणून आदल्या रात्रींपासून पाणी पीत नाहींत. वाटेंत अडचण झाली तर जाणार कोठें? आणि रांग सोडून गेल्यास परत आपली जागा मिळेल याची शाश्वति कोणी द्यावी? मग दुपारीं कोणी तरी चक्कर येऊन पडते, आणि आपण म्हणतों, उपवास बाधला. गेल्या कांहीं वर्षांत पालखीच्या वाटेवर फिरतीं शौचालयें आलीं आहेत, ही मोठी सुधारणा आहे. परंतु शौचालय कितीही असलें तरी तें अंधारांत असेल, दाराला कडी नसेल, किंवा तेथें जाऊन आल्यावर रांगेंतली जागा गेलेली असेल, तर तें नसल्यासारखेंच. चंद्रभागेच्या स्नानानंतर लुगडें बदलावयास चार पडदे उभारणें यालाही फार मोठी योजना लागत नाहीं. लागतें तें एवढेंच कीं, योजना करणाऱ्यानें आपल्या आईला तेथें उभी कल्पून पाहावें.

चंद्रभागेचें नांव निघालें म्हणून सांगतों. ही नदी भाविकाच्या मनांत जशी आहे तशी वाळवंटांत नाहीं. उजनीच्या धरणांतून पाणी सोडलें कीं कालची गुडघाभर धार आज गळ्यापर्यंत येते. त्यांत वाळू उपसल्यामुळें तळाशीं खड्डे झालेले असतात; वरून पाणी सारखेंच दिसतें. पांढऱ्या निशाणाच्या काठ्या रोवून उथळ जागा दाखविणें, नावाडी आणि पट्टीचे पोहणारे कांठावर ठेवणें, या गोष्टी होतात. पण ज्या गांवांतून दिंड्या निघतात तेथेंच हें कोणी सांगितलें तर अधिक बरें. कांठावर पोंचलेल्या भक्ताला नदींत उतरूं नको म्हणणें फार उशिराचें असतें.

सुरक्षितता आणि मान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असें पुष्कळांस वाटतें. आधीं जीव वांचवूं, मानाचें मागाहून पाहूं, असें ते म्हणतात. पंढरपुराचा इतिहास मात्र निराळें सांगतो. महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीजवळ, चोखोबांची समाधि आहे. मंगळवेढ्यास वेस बांधण्याच्या कामावर असतांना ती अंगावर कोसळून त्यांचा अंत झाला, असें परंपरा सांगते. ज्याला देवळांत पाऊल ठेवण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या डोक्यावर पडणाऱ्या भिंतीची चिंता कोण करणार? पुढें कित्येक शतकें त्याच्या जातींचे वारकरी तितकेंच अंतर चालून येत आणि दाराबाहेरून परत जात. १ मे १९४७ रोजीं साने गुरुजी पंढरपुरांत उपोषणास बसले, तें याच दारासाठीं. तत्पूर्वीं कित्येक महिने ते महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनवीत होते. तनपुरे महाराजांच्या मठांत त्यांचें उपोषण चाललें आणि मंदिर सर्वांस खुलें करण्याचें मान्य झाल्यावर १० मे रोजीं सुटलें. दार उघडलें म्हणून सर्व कांहीं उघडलें असें नाहीं. नंतरच्या काळांत इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या, आणि एकाच दिंडींत एकाच मुखानें अभंग म्हणणारीं ब्राह्मण व मराठा मंडळी जेवावयास मात्र वेगवेगळीं बसतात, हें त्यांनीं व्यथित होऊन लिहून ठेवलें. आतां त्या पंगती पुष्कळशा मिसळल्या आहेत. सर्वत्र मिसळल्या आहेत असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं.

आतां दाराची दुसरी एक तऱ्हा पाहावयास मिळते. वीस तास उभ्या असलेल्या रांगेच्या शेजारून कोणी मोठे गृहस्थ सपरिवार आंत जातात आणि पांच मिनिटांत बाहेर येतात. रांगेंतले लोक कांहीं बोलत नाहींत. ते हात जोडून बाजूला होतात, आणि आपण त्याला वारकऱ्यांची सहनशीलता म्हणून गौरवितों. ज्याला आंत जातां येत नाहीं तो कळसाकडे पाहून हात जोडतो आणि वारी पावली म्हणून समाधानानें परततो, ही त्या माणसाची थोरवी आहे. तिच्यावर आपल्या व्यवस्थेचा हिशेब बसवूं नये. शिवाय यांत धोकाही आहे. एका वाटेवरचे लोक दुसऱ्या कोणासाठीं अकस्मात् थांबविले कीं मागें दाब सांचत जातो. वाहन निघून गेल्यावर ती वाट एकदम सुटते, आणि सुटलेला लोंढा आवरण्यास मग दोरी पुरत नाहीं.

गांवकऱ्यांविषयींही बोललें पाहिजे; मी त्यांतलाच एक आहें. चार दिवसांत वर्षाचें उत्पन्न काढण्याची घाई आमच्यांतल्या कित्येकांना असते. पाण्याच्या बाटलीचा भाव एकादशीला वाढतो, ओसरीचें भाडें तासागणिक बदलतें. दुसऱ्या बाजूला अशींही घरें आहेत कीं जेथें उतरलेल्या म्हाताऱ्याच्या पायांना रात्रीं तेल चोळून मिळतें आणि सकाळीं त्यानें देऊं केलेले पैसे त्याच्याच पिशवींत परत जातात. आजी गेल्यानंतर परभणीकडच्या त्या कुटुंबांतील म्हातारा ओसरीवर बसून आमच्यापेक्षां अधिक रडला होता.

हरवलेल्यांच्या मंडपांतली एक गोष्ट सांगून थांबतों. दोरीच्या प्रकारानंतर मला दुसऱ्या वर्षीं वाळवंटांतील पुकाऱ्याच्या जागीं नेमलें. बहुधा तेथें शिट्टी लागत नाहीं म्हणून. एक साठीच्या पुढची बाई आली. तिची दिंडी चुकली होती आणि मालकही चुकले होते. गांवाचें नांव तिनें सांगितलें. मालकांचें नांव विचारलें तेव्हां ती गप्प झाली. पुन्हां विचारलें. ती पदर पुढें ओढून म्हणाली, "आमच्यात घेत न्हाईत." ध्वनिक्षेपकापाशीं बसलेलें पोर खो खो हंसूं लागलें. गांवाच्या नांवावर पुकारा करून पाहिला, पण त्या नांवाचीं गांवें तीन तालुक्यांत होतीं. भलतींच माणसें येऊं लागलीं. शेवटीं आमच्यांतल्या एका शिक्षिकाबाईंनीं त्या पोराला डोळ्यांनींच गप्प केलें, म्हातारीजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, लग्नांत घेतलं होतंत ना, तसंच घ्या. उखाण्यांत."

तिनें बराच वेळ विचार केला. मग ध्वनिक्षेपक जवळ ओढला, मान खालीं घातली, आणि रुक्मिणीपासून आरंभ करून यमक जुळवीत जुळवीत शेवटच्या शब्दावर नांव घेतलें. साऱ्या वाळवंटांत हंसूं पसरलें; पण तें निराळें हंसूं होतें. पाव तासानें एक कृश म्हातारा दोन गांठोडीं खांद्यावर घेऊन धापा टाकीत आला. बायकोशीं तो एक शब्दही बोलला नाहीं. गांठोडीं त्यानें खालीं ठेवलीं, सरळ ध्वनिक्षेपकाच्या पोराकडे गेला आणि "माऊली" म्हणून त्याच्या पायांना हात लावला. त्या पोराला क्षणभर काय करावें तें सुचेना. मग तोही वांकला.